कुत्रीची नसबंदी : कधी करावी आणि कोणाच्या हितासाठी

कुत्रीच्या नसबंदीत धडधाकट प्राण्याचे पोट उघडून दोन्ही बीजांडकोश आणि बहुधा गर्भाशयही काढून टाकतात. गळू फोडणे, मोडलेले हाड बसवणे, अडलेली कुत्री सोडवणे यांचे समर्थन कोणी मागत नाही, कारण दुखणे समोर दिसत असते. नसबंदीच्या वेळी दुखणे नसते. जिच्यावर शस्त्र चालते तिची संमती घेण्याचा मार्ग नाही आणि एकदा काढलेले पुन्हा बसवता येत नाही. त्यामुळे हा प्रश्न पशुवैद्याच्या टेबलावर सुरू होत असला तरी तिथे संपत नाही. एका जिवाने दुसऱ्या जिवाची कूस कायमची बंद करावी का, करायची तर तिच्या आयुष्यात कोणत्या टप्प्यावर, आणि नंतरचा भार कोणी वाहायचा, हे धर्माचे प्रश्न आहेत.

या प्रश्नाकडे पाहण्याची एक कसोटी महाभारतात एका कुत्रीच्याच तोंडून येते. आदिपर्वात जनमेजय राजाचे यज्ञसत्र चालू असताना सरमा या देवशुनीचे पिल्लू तिथे जाते आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. पिल्लू रडत आईकडे येते. सरमा सत्राच्या जागी जाऊन जाब विचारते: पिल्लाने हवीकडे पाहिले नव्हते, ते चाटले नव्हते, मग मारले कशासाठी? तिथे कोणाकडेच उत्तर नसते. तेव्हा ती शाप देते की ज्याची कल्पनाही नाही असे भय तुमच्यावर येईल. राजा हादरतो आणि या पापाचे निवारण करील असा पुरोहित शोधत फिरतो. कथेत मारणे हा दोष आहेच, पण शाप येतो तो उत्तर न दिल्यावर. निरपराध जिवाला इजा करणाऱ्याकडे त्या जिवाच्या बाजूने टिकेल असे उत्तर असले पाहिजे, ही सरमेची मागणी नसबंदीला जशीच्या तशी लागू पडते. घरात रक्ताचे डाग नकोत, दारात कुत्रे जमायला नकोत, ही उत्तरे माणसाच्या बाजूची आहेत. ती खोटी नाहीत, पण सरमेपुढे उभी राहणार नाहीत.

महाराष्ट्रात नांदणाऱ्या अनेक धर्मांनी प्राण्याची प्रजननशक्ती नष्ट करण्याला मनाई केली आहे. जैन श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत ‘निर्लांछन कर्म’ येते. जनावरांना खच्ची करणे, त्यांचे अवयव छेदणे हा धंदा श्रावकाने करू नये, असा त्याचा आशय आहे. रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतके मराठी बोलत राहिलेल्या बेने इस्रायलींच्या धर्मग्रंथातही, लेवीय २२:२४ या वचनाच्या आधारे, प्राण्याला नपुंसक करणे निषिद्ध ठरले. धर्मपंडितांनी मादीच्या बाबतीत ही मनाई थोडी सौम्य धरली, पण मोकळीक दिली नाही. कोकणी मुसलमान ज्या शाफिई परंपरेचे आहेत, तिच्यात ज्याचे मांस खात नाहीत अशा प्राण्याचे खच्चीकरण वर्ज्य आहे. हनफी परंपरा मात्र त्यातून काही हित साधत असेल किंवा अपाय टळत असेल तर मुभा देते.

या मनाया कोणत्या जगात घडल्या, हेही पाहायला हवे. त्यांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने बैल, घोडा, बोकड आणि मेंढा होता. नराला खच्ची केल्याने तो नांगराला शांत चालतो, बोकडाला मांस धरते. लाभ सगळा धन्याचा, वेदना सगळी जनावराची, तीही भुलेशिवाय. मादीचे पोट उघडून ते पुन्हा शिवणे हे भूल आणि निर्जंतुकीकरण आल्यावरच सुरक्षित झाले. ग्रंथांनी निषेध केला तो जनावराचे शरीर मोडून त्यावर नफा कमावण्याचा. नफा नसेल आणि हित त्याच प्राण्याचे असेल तर काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे आजच्या रूपात आलाच नव्हता. म्हणून मनाईचे वचन दाखवून वाद मिटवणे पुरेसे नाही, आणि वचन जुने आहे म्हणून बाजूला सारणेही पुरेसे नाही.

पारशी परंपरा गर्भार कुत्रीबद्दल थेट बोलते. वेंदिदाद या धर्मग्रंथाच्या पंधराव्या फर्गर्दात, म्हणजे अध्यायात, आपल्या आवारात विणाऱ्या कुत्रीची आणि तिच्या पिल्लांची काळजी घेणे हे माणसाचे कर्तव्य मानले आहे आणि ते टाळणे पाप. कुत्र्याबद्दलची ही श्रद्धा मुंबईने रस्त्यावर पाहिली आहे. ६ जून १८३२ रोजी मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध पारशी रस्त्यावर उतरले, हिंदू आणि जैनही त्यांच्याबरोबर आले, आणि शहराचे व्यवहार ठप्प झाले. पुढे जवळपास शंभर वर्षांनीही प्रश्न तोच होता. १९२६ मध्ये अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आपल्या आवारातील साठ मोकाट कुत्री मारवली आणि गांधीजींनी त्यांची बाजू घेतली. अहिंसेच्या उपासकाने असे का म्हणावे, यावर ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’मध्ये महिनोन्‌महिने वाद झाला. मोकाट कुत्र्यांना शिळे तुकडे टाकून पुण्य मिळवायचे आणि त्यांची जबाबदारी मात्र घ्यायची नाही, ही दया नव्हे, असे गांधीजींचे म्हणणे होते. त्या वादात मारणे आणि सोडून देणे हे दोनच पर्याय होते.

स्वतंत्र भारताच्या कायद्यातही बराच काळ हे दोनच पर्याय राहिले. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने मोकाट कुत्र्यांना ठार करणे विहित पद्धतीने केल्यास क्रूरतेतून वगळले. २००१ च्या श्वान जन्मनियंत्रण नियमांनी मारण्याच्या जागी नसबंदी आणि रेबीजची लस आणली. २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, दिल्लीतील कुत्री कायमची निवाऱ्यात डांबण्याचा आपला आधीचा आदेश बदलून, नसबंदी आणि लसीकरणानंतर त्यांना मूळ जागी सोडावे असे सांगितले. पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री त्यातून वगळली. रस्त्यावरच्या कुत्रीच्या नसबंदीची तुलना अखंड शरीराशी करून भागत नाही. इथे तिची तुलना विष आणि दांडक्याशी करावी लागते.

परिस्थिती बदलली की हेच कृत्य नैतिकदृष्ट्या बदलते. नॉर्वेच्या २००९ च्या प्राणिकल्याण कायद्यानुसार प्राण्याच्या आरोग्याचे सबळ कारण नसेल तर शस्त्रक्रिया करता येत नाही, आणि निव्वळ सोयीसाठी कुत्रीची नसबंदी करणे तिथे गैर ठरते. तिथे रस्त्यावर कुत्री नाहीत आणि प्रत्येक कुत्रीमागे एक माणूस आहे. ती माजावर आली तर तो दोर हातात धरतो. मुंबई, नाशिक किंवा जव्हारमध्ये त्याच तत्त्वावर हात बांधून बसले तर दोर कोणाच्याच हातात नसतो.

‘जन्माला येऊ पाहणाऱ्या जिवांचे काय?’ हा आक्षेप कर्मसिद्धान्त मानणाऱ्या घरांत हमखास येतो. त्याचे उत्तर त्याच सिद्धान्तात आहे. जीव आपल्या कर्माने योनीत येतो, एका कुत्रीची कूस मिटल्याने कोणत्याही जिवाची वाट अडत नाही. जे जन्मलेलेच नाही त्याला इजा होत नाही, जन्मलेल्याला मात्र होते. पश्चिम बंगालमधल्या मोकाट कुत्र्यांच्या ९५ वेतांतील ३६४ पिल्लांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतली जेमतेम १९ टक्के पिल्ले सात महिन्यांची झाली, आणि मेलेल्यांपैकी ६३ टक्के मृत्यूंमागे माणसाचा हात होता. गाडीखाली येणे, मारले जाणे, विष, आणि पिल्ले उचलून नेणे. कुत्रीला होऊ न शकलेल्या मातृत्वाची ओढ लागते असे तिच्या वागण्यात दिसत नाही. व्यायल्यावर नाहीशा झालेल्या पिल्लांना हुंगत फिरणारी कुत्री मात्र कोणत्याही गल्लीत दिसते. सरमेला देता येईल असे पहिले उत्तर इथे सापडते.

पण उत्तर पुरे होण्यासाठी कुत्रीच्या शरीरातून काय जाते तेही मोजावे लागते. नसबंदीचा प्रचार करणाऱ्यांनी हा हिशेब अनेकदा अर्धाच सांगितला आहे. कुत्री साधारण सहा महिने ते दीड-दोन वर्षांच्या दरम्यान पहिल्यांदा माजावर येते. लहान चणीची लवकर, थोराड जातीची उशिरा. सुरुवातीचे सुमारे नऊ दिवस रक्तस्राव होतो पण ती नराला जवळ येऊ देत नाही, पुढचे तितकेच दिवस देते. त्यानंतर गर्भ राहिला असो वा नसो, दोन महिने तिच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन भरपूर असते. गर्भ नसतानाही सड फुगणे, दूध येणे, चिंध्यांना पिल्लासारखे कवटाळणे हे त्यामुळेच घडते. मग काही महिने शरीर निवांत राहते. गाभ सुमारे ६३ दिवसांचा.

बीजांडकोश काढले की हे चक्र थांबते, आणि त्याबरोबर काही मोठे धोके टळतात. प्रत्येक माजानंतर प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाखाली गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि वय वाढल्यावर त्यात पू साठू शकतो. स्वीडनमधील विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदींनुसार दहा वर्षांच्या आत सुमारे चारातल्या एका कुत्रीला हा आजार होतो. वेळेवर उपचार झाले नाहीत तर ती बहुधा मरते. नसबंदी झालेल्या कुत्रीत हा आजार जवळपास संपतो. संभोगातून पसरणारी गाठ रस्त्यावरच्या कुत्र्यांत सर्रास आढळते, तिचीही वाट बरीचशी बंद होते. सडांच्या कर्करोगाबद्दल १९६९ चा एक अमेरिकी अभ्यास सतत सांगितला जातो: नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या तुलनेत धोका पहिल्या माजाआधी केल्यास ०.५ टक्के, पहिल्या माजानंतर ८ टक्के, दुसऱ्यानंतर २६ टक्के उरतो. २०१२ मध्ये उपलब्ध संशोधनाची छाननी झाली तेव्हा हा पुरावा समजला जातो तितका भक्कम नाही, असे दिसले. लवकर केल्याने फायदा होण्याची शक्यता आहे, पण या आकड्यांवर डोळे मिटून विसंबू नये.

दुसऱ्या बाजूला तोटे आहेत आणि ते खरे आहेत. इस्ट्रोजेन गेल्याने मूत्रमार्गाचे आवळणे ढिले पडते. काही कुत्र्यांना, विशेषतः वीस किलोंहून जड असलेल्यांना, झोपेत नकळत लघवी होऊ लागते. कधी हे शस्त्रक्रियेनंतर वर्षांनी सुरू होते. औषधाने बहुतेकींना आराम पडतो, पण ते चालू ठेवावे लागते. अन्नाची गरज जवळपास पाव हिश्शाने कमी होते आणि भूक मात्र वाढते, त्यामुळे वजन चढते. लांब केसांच्या जातींत केसांचा पोत बदलतो. हाडांच्या टोकांची वाढ थांबवण्याचा संदेश लैंगिक संप्रेरकांकडून येतो. तो आलाच नाही तर हाडे जास्त काळ वाढतात आणि सांध्यांची ठेवण किंचित बदलते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या बेंजामिन हार्ट यांच्या गटाने २०१३ मध्ये गोल्डन रिट्रीव्हरवर आणि २०२० मध्ये ३५ जातींवर अभ्यास प्रसिद्ध केले. अनेक मोठ्या जातींत वर्षाच्या आत नसबंदी झाल्यास गुडघ्याचा अस्थिबंध तुटणे आणि खुब्याचे विकार वाढलेले दिसले, लहान जातींत तसे दिसले नाही. गोल्डन रिट्रीव्हर माद्यांत काही कर्करोगही वाढलेले आढळले. अमेरिकेतल्या मृत्यूंच्या नोंदींवरील २०१३ च्या आणखी एका अभ्यासात नसबंदी झालेल्या माद्यांचे आयुर्मान सुमारे २६ टक्के जास्त निघाले. त्या संसर्गाने आणि अपघाताने कमी मेल्या, कर्करोगाने जास्त. जास्त जगणाऱ्या प्राण्याला म्हातारपणाचे रोग होतात, हा त्याचा एक भाग आहे, सगळा नव्हे.

त्यामुळे ‘कधी’ला सगळ्या कुत्र्यांसाठी एकच उत्तर नाही. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर अशा मोठ्या जातीची, घरात राहणारी, माजाच्या दिवसांत खरोखर सांभाळली जाणारी कुत्री असेल तर वर्ष उलटेपर्यंत, म्हणजे सांगाडा भरेपर्यंत थांबणे तिच्या हिताचे आहे. लहान चणीच्या कुत्रीला सहा महिन्यांनंतर थांबण्याचे सबळ कारण नाही. देशी कुत्री मध्यम बांध्याची, हलकी आणि चपळ असते. परदेशी जातींचे सांध्यांचे आकडे तिच्यावर जसेच्या तसे लादता येत नाहीत, आणि मोकळी फिरणारी असेल तर पहिल्याच माजाला तिला गर्भ राहतो. तिच्यासाठी पहिल्या माजाआधीची वेळ सर्वांत बरी. ती हुकली तर ऐन माजात शस्त्रक्रिया टाळावी, कारण त्या वेळी रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि रक्त जास्त जाते. माज सरल्यावर लगेच केल्यास प्रोजेस्टेरॉन एकदम उतरून दूध येणे आणि अस्वस्थता लांबू शकते. दोन-तीन महिन्यांनी, शरीर निवांत असताना करावी.

डोंगरी गावात ही वेळ कुत्रीच्या शरीराइतकीच माणसांच्या वर्षावरही ठरते.   जव्हारपासून मोखाड्यापर्यंत वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी यांचे पाडे आहेत. पाड्यावरचे कुत्रे सहसा बांधलेले नसते. ते एका घरी खाते, दुसऱ्याच्या पडवीत झोपते, कोंबड्या-शेळ्यांजवळ राहते, शेतात रानडुकराची चाहूल लागली की भुंकते. बिबट्याच्या तोंडी जाण्याचा धोकाही तेच पत्करते. याच भागात वाघबारशीला वाघाची पूजा होते. रानातल्या जनावराचाही गावावर काही हक्क आहे, ही समज त्या पूजेत आहे. अशा ठिकाणी कुत्रीचा एकच मालक विचारत बसले तर तो सापडत नाही. संमती द्यायची तर ती पाड्याने द्यायची असते.

मोकळी कुत्री मुख्यतः भादव्यात माजावर येतात, मधे एखादी इतर वेळीही येते. भादव्यात गाभण राहिलेली कुत्री कार्तिकात विते. जव्हार-मोखाड्यात नेमका तेव्हाच भात घरात आलेला असतो, आणि दिवाळी झाली की अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, ठाण्याकडे वीटभट्ट्यांवर निघतात. पाडा अर्धा रिकामा होतो, म्हातारी माणसे मागे राहतात, चुली कमी पेटतात. पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट अन्न लागते, आणि ते मिळेनासे होते ते याच महिन्यांत. ही उपासमार कोणी दुष्टपणे करत नाही. पोटासाठी गाव सोडणाऱ्याला कुत्रीसाठी भाकरी ठेवून जा म्हणणे अन्यायाचे ठरेल. तरीही भूक कुत्रीच्या वाट्याला येते, आणि तिच्या सडांना लागलेल्या पिल्लांच्या.

या चक्रात शस्त्रक्रियेला सर्वांत योग्य काळ शिमग्यानंतर वैशाखापर्यंतचा दिसतो. कार्तिकातल्या वेताची पिल्ले तोवर दूध सोडून खाऊ लागलेली असतात आणि आईचे शरीर निवांत असते. त्याच वेतातल्या माद्या वैशाखात सहा महिन्यांच्या होतात, म्हणजे त्यांचा पहिला भादवा यायच्या आत त्यांचेही काम होऊ शकते. शिमग्याला काही माणसे गावी आलेली असतात, त्यामुळे कुत्र्यांना ओळखणारे हात मिळतात. आणि जमीन कोरडी असते. आषाढ-श्रावणात जव्हारच्या डोंगरावर पाऊस खळत नाही. चिखलात आणि ओल्या गवतात फिरणाऱ्या कुत्रीचे टाके पिकतात, जखमेत माशा अंडी घालतात आणि अळ्या पडतात. पावसाळ्यात केवळ आकडा गाठण्यासाठी शिबिर भरवले तर हिताचे म्हणून केलेले कृत्य क्रूरतेत जमा होईल. उन्हाळ्यातही सावली, पाणी आणि जखम भरेपर्यंत ठेवायला जागा नसेल तर कुत्री उचलूच नये.

गर्भार आणि पाजत्या कुत्रीचा प्रश्न सर्वांत अवघड. २००१ च्या नियमांत गर्भार कुत्रीचा गर्भपात आणि नसबंदी करू नये, विईपर्यंत तिला सोडून द्यावे, अशी तरतूद होती. गर्भातल्या जिवाबद्दलचा हा संकोच योग्य आहे. पशुवैद्यकाच्या दृष्टीने सुरुवातीच्या दिवसांत शस्त्रक्रिया शक्य असते, पण पिल्लांची शरीरे घडल्यावर ती संततिप्रतिबंध राहत नाही, हत्या होते. भरल्या पोटी रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. अशा कुत्रीला विऊ द्यावे, पिल्ले दोन महिन्यांची झाल्यावर, दूध आटल्यावर मग पकडावे. पाजती कुत्री उचलली तर मागे राहिलेली आंधळी पिल्ले दोन दिवसांत मरतात, आणि ती पाप म्हणून कोणाच्या नावावर नोंदलीही जात नाहीत. सड दुधाने भरलेले आहेत का, हे पकडण्याआधी पाहणे म्हणूनच धर्मकर्तव्य आहे.

माज थांबवण्यासाठी प्रोजेस्टेरॉनच्या धर्तीची इंजेक्शने किंवा गोळ्या हा सौम्य मार्ग वाटतो. प्रत्यक्षात त्यांनी गर्भाशयात पू होण्याचा आणि सडांत गाठी होण्याचा धोका वाढतो. ज्या आजारांपासून नसबंदी वाचवते तेच ही औषधे ओढवून आणतात. शरीर अखंड राहिले म्हणून त्यांना अहिंसक म्हणता येत नाही. बीजांडकोश ठेवून फक्त गर्भाशय काढण्याची पद्धतही आहे. तिच्यात गर्भ राहत नाही आणि संप्रेरके टिकतात, पण माज येतच राहतो आणि नरांची झुंबडही. घरातल्या, नीट सांभाळल्या जाणाऱ्या कुत्रीसाठी तिचा विचार होऊ शकतो, पाड्यावरच्या कुत्रीला तिचा उपयोग थोडा.

शस्त्रक्रियेनंतर कानाला खाच पाडून आणि रेबीजची लस टोचून कुत्रीला जिथून उचलले तिथेच सोडायचे असते. तिचे खाणे, तिची ओळख आणि तिचे शत्रू-मित्र सगळे तिथेच असतात, दुसऱ्या पाड्यावर सोडलेली कुत्री तिथल्या कळपाकडून फाडली जाऊ शकते. टाके दहा-चौदा दिवसांत भरतात, तोवर तिला कोणीतरी रोज पाहावे लागते. पुढे वजन चढले तर खाणे कमी करणे, लघवी गळू लागली तर तिला घाणेरडी म्हणून हाकलून न देता औषध देणे, दरवर्षी लस टोचून घेणे, ही कामे तिच्या मरणापर्यंत चालतात. घरच्या कुत्रीच्या बाबतीत ती घरावर असतात. पाड्यावरच्या कुत्रीच्या बाबतीत, दिवाळीनंतर घरे बंद झाल्यावरच्या महिन्यांत तिच्या भाकरीची आणि जखमेची सोय कोणाकडे, हे तिला भूल देण्याआधी ग्रामसभेत आणि शिबिर घेणाऱ्यांमध्ये ठरवून ठेवावे लागते.